वेग : वाटेचा आणि क्षणाचा

शाळेच्या पुस्तकांतील एक लहानसें उदाहरण पुष्कळ घरांतून वादाचें कारण होतें. उदाहरण असें : सुमारें सहा मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे १९.६ मीटर उंचीवरून, एक दगड नुसता हातांतून सोडून दिला. तो २ सेकंदांनीं जमिनीवर पोहोंचला. तर जमिनीला लागण्याच्या क्षणीं त्याचा वेग किती होता? मुलगा विचार करतो कीं, वेग म्हणजे अंतर भागिलें काळ, १९.६ ला २ नें भागलें म्हणजे ९.८ आले, अर्थात् दर सेकंदास ९.८ मीटर हें उत्तर. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पाहावें तों तेथें १९.६ हा आंकडा छापलेला! बरोबर दुप्पट. मग मुलगा काकांकडे जातो. काका भागाकार तपासून पाहतात. भागाकार अगदीं बिनचूक असतो. आणि शेवटीं छापखान्यावर दोष येऊन प्रकरण मिटतें.

छापखाना निर्दोष आहे, आणि मुलाचा भागाकारहि निर्दोष आहे. मुलानें काढलेलें उत्तर खरेंच आहे. मात्र तें एका निराळ्या प्रश्नाचें उत्तर आहे. 'वेग' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींस लावतों. एक गोष्ट सबंध वाटेची असते, दुसरी एका क्षणाची. पहिलीस सरासरी वेग म्हणतात, दुसरीस तात्कालिक वेग. वस्तु एकाच वेगानें चालली असेल तर हे दोन्ही वेग एकच येतात, आणि त्यामुळें त्यांतील भेद आपल्या नजरेस येत नाहीं. परंतु वेग बदलूं लागला कीं ते एकमेकांपासून दूर होतात, आणि कोणत्या प्रश्नास कोणता वेग घ्यावयाचा याचा विवेक करावा लागतो. हा विवेक परीक्षेपुरताच उपयोगी आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या पंचांगांतील तिथीची समाप्ति त्यावर अवलंबून आहे, आणि रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा जीवहि त्यावर अवलंबून आहे. म्हणून या महिन्यांत हाच विषय आम्हीं घेतला आहे. (शास्त्रांत 'चाल' व 'वेग' असाहि एक भेद करतात, तो दिशेसंबंधीं आहे. आज आपणांस वस्तु किती भरभर जाते एवढेंच पाहावयाचें असल्यामुळें तो भेद बाजूस ठेवतों.)

वाटेचा वेग

१ जून १९३० रोजीं सुरू झालेली 'दख्खनची राणी' ही गाडी आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. पुणें ते मुंबई हें लोहमार्गाचें १९२ किलोमीटर अंतर ती सुमारें सव्वातीन तासांत काटते. भागाकार केला म्हणजे दर तासास सुमारें ५९ किलोमीटर असा वेग येतो. आतां विचारावयाचें तें असें कीं, हा वेग त्या गाडीजवळ कोठें होता? पुण्याच्या फलाटावरून ती हलली तेव्हां तिचा वेग शून्य होता. सपाटीस लागल्यावर तो याहून पुष्कळ वाढला. बोरघाटांत, जेथें ३७ फूट चालीमागें एक फूट इतका उतार आहे, तेथें ती जपून जपून उतरली. थांब्यावर ती पुनः शून्यावर आली. ५९ हा आंकडा तिनें वेग वाढवितांना आणि कमी करतांना कांहीं वेळां ओलांडला असेल, एवढेंच काय तें. तेव्हां ५९ हा गाडीचा कोणत्याहि एका ठिकाणचा स्वभाव नव्हे. त्याचा अर्थ इतकाच कीं, दुसरी एखादी गाडी तिच्याबरोबरच पुण्याहून निघून, न थांबतां, न अडखळतां, सर्व वाटभर एकसारख्या ५९ च्या वेगानें गेली असती, तर दोन्ही गाड्या मुंबईस एकाच वेळीं पोहोंचल्या असत्या.

सरासरी म्हणजे अशी एक कल्पित सोबतीण. ती आपणांस निघण्याची व पोहोंचण्याची वेळ अचूक सांगते. मधल्या वाटेंत काय झालें याविषयीं मात्र ती कांहीं सांगत नाहीं. प्रवासाला निघणाऱ्या माणसास बहुधा पोहोंचण्याच्या वेळेशींच कर्तव्य असतें, म्हणून व्यवहारांत तिचा उपयोग मोठा आहे, आणि तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं.

ही सरासरी काढतांनाहि एक फसगत होत असते, ती येथेंच सांगून ठेवतों. गांव ६० किलोमीटरांवर आहे. जातांना मोटार ताशी ६० च्या वेगानें गेली, येतांना पावसामुळें ताशी ३० च्या वेगानें आली. तर सबंध प्रवासाचा सरासरी वेग किती? बहुतेक मंडळी तत्काळ ४५ म्हणतील. परंतु जाण्यास १ तास लागला आणि येण्यास २. म्हणजे १२० किलोमीटरांस ३ तास, अर्थात् वेग ४०. जो वेग अधिक काळ टिकला त्याचें वजन सरासरींत अधिक पडतें. सरासरी वेग हा काळावर तोलला जातो, वाटेवर नव्हे. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें ती पुनः उपयोगी पडणार आहे.

क्षणाचा वेग

आतां दुसऱ्या वेगाकडे वळूं, आणि येथेंच खरी अडचण आहे. क्षणाला लांबी नसते. ज्याला लांबी नाहीं अशा क्षणांत वस्तु कांहींच अंतर जात नाहीं. अंतरहि शून्य आणि काळहि शून्य. मग शून्याला शून्यानें भागून कोणता वेग निघणार? इसवी सनापूर्वी पांचव्या शतकांत झेनो नांवाच्या ग्रीक तत्त्वज्ञानें हाच आक्षेप बाणाचें उदाहरण घेऊन मांडला होता. सुटलेला बाण प्रत्येक क्षणीं कोठें तरी एकाच जागीं असतो. प्रत्येक क्षणीं तो जर एकाच जागीं आहे, तर तो चालतो केव्हां? हा प्रश्न पोरकट नाहीं. त्यानें पुढें दोन हजार वर्षें मोठमोठ्या बुद्धिमंतांस विचार करावयास लाविलें.

त्यांतून निघालेला मार्ग थोडक्यांत असा. क्षणाच्या वेगावर एकदम झडप घालावयाची नाहीं. त्याला दोन्ही बाजूंनीं हळूहळू कोंडीत धरावयाचें. आपला दगड सोडल्यापासून बरोबर १ सेकंद झाला त्या क्षणाचा वेग आपणांस हवा आहे असें समजूं. पडत्या दगडाचें अंतर काढण्याची रीति सोपी आहे : गेलेल्या सेकंदांचा वर्ग करून त्यास ४.९ नें गुणावें, म्हणजे मीटर येतात. (हवेचा अडथळा येथें हिशेबांत धरलेला नाहीं.) आतां त्या क्षणापासून पुढें निरनिराळा काळ घेऊन त्या त्या काळाचा सरासरी वेग काढूं. दर सेकंदास मीटर असा तो पुढीलप्रमाणें येतो :

१ सेकंदापासून २ सेकंदांपर्यंत : १४.७
१ पासून १.५ पर्यंत : १२.२५
१ पासून १.१ पर्यंत : १०.२९
१ पासून १.०१ पर्यंत : ९.८४९
१ पासून १.००१ पर्यंत : ९.८०४९

हेच मागच्या बाजूनें करावें. ०.९ पासून १ पर्यंतचा वेग ९.३१ येतो, ०.९९ पासून १ पर्यंतचा ९.७५१. पुढून येणारे आंकडे उतरत उतरत ९.८ कडे येतात, मागून येणारे चढत चढत ९.८ कडेच येतात. आणि काळ कितीहि लहान केला तरी दोहोंपैकीं एकहि ९.८ ला ओलांडीत नाहीं. दोहोंच्या मध्यें जागा उरते ती एकाच आंकड्याला. तोच त्या क्षणाचा वेग. शून्याला शून्यानें भागण्याचा प्रसंगच आपण येऊं दिला नाहीं. भागाकार सर्व खऱ्या अंतरांचे व खऱ्या काळांचे केले, आणि ते कोणीकडे चालले आहेत तेवढें पाहिलें. मोटारींतील वेगदर्शक यंत्रहि प्रत्यक्षांत हेंच करतें. चाकाचे फेरे अत्यंत थोड्या काळापुरते मोजून तें एक इवलीशी सरासरीच दाखवितें. तो काळ इतका लहान असतो कीं, आपल्या दृष्टीनें ती त्या क्षणाचीच होय.

अर्धा काळ आणि अर्धी वाट

वरील हिशेबांत एक मौज चतुर वाचकांच्या लक्षांत आली असेल. दगडाच्या दोन सेकंदांच्या सबंध प्रवासाची सरासरी ९.८ होती, आणि बरोबर १ सेकंदाच्या क्षणीं, म्हणजे अर्धा काळ गेला तेव्हां, त्याचा तात्कालिक वेगहि ९.८ च निघाला. हा योगायोग नव्हे. वेग शून्यापासून एकसारखा वाढत असला म्हणजे पहिल्या अर्ध्या काळांत तो सरासरीहून जितका कमी असतो, तितकाच दुसऱ्या अर्ध्या काळांत अधिक असतो. म्हणून मधल्या क्षणाचा वेग हीच सरासरी, आणि शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट. पुस्तकांतील १९.६ चें रहस्य एवढेंच. चौदाव्या शतकांत ऑक्सफर्ड येथील मर्टन महाविद्यालयाच्या पंडितांनीं हा नियम सांगितला, आणि त्याच शतकांत निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानानें त्रिकोणाची आकृति काढून तो डोळ्यांना दिसेल असा करून ठेविला.

येथें सावध राहावयास हवें तें 'अर्ध्या' शब्दाविषयीं. अर्धा काळ निराळा आणि अर्धी वाट निराळी. दगड पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडतो आणि दुसऱ्या सेकंदांत १४.७ मीटर. म्हणजे अर्धा काळ गेला तेव्हां वाट केवळ चतुर्थांश सरलेली असते. उलट अर्धी वाट, म्हणजे ९.८ मीटर, सरते तेव्हां १.४१ सेकंद होऊन गेलेले असतात आणि वेग सुमारें १३.९ झालेला असतो. म्हणजे शेवटल्या वेगाच्या अर्धा नव्हे, तर दहा आण्यांहून अधिक, शेंकडा सुमारें ७१.

हा घोटाळा सामान्य माणसाचाच होतो असें नाहीं. पडणाऱ्या वस्तूंच्या शास्त्राचा पाया ज्यानें घातला त्या गॅलिलिओनें १६०४ सालीं एका पत्रांत असेंच गृहीत धरलें होतें कीं, पडत्या वस्तूचा वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणांत वाढतो. अंतर डोळ्यांना दिसतें आणि काळ दिसत नाहीं, म्हणून बुद्धि अंतराकडे ओढली जाते. पुढें त्यानेंच हें मत सोडिलें. उतरत्या पन्हळींतून कांशाची गुळगुळीत गोळी सोडून, आणि भांड्यांतून गळणारें पाणी तोलून काळ मापून, त्यानें वेग काळाच्या प्रमाणांत वाढतो असें ठरविलें. समान काळाच्या खंडांत काटलेलीं अंतरें १, ३, ५, ७ अशा विषम अंकांच्या प्रमाणांत येतात, हा त्याचा सुंदर शोध १६३८ सालीं लायडन येथें छापलेल्या त्याच्या शेवटच्या ग्रंथांत ग्रथित झाला आहे. आमच्या दगडाचे ४.९ आणि १४.७ हे आंकडे त्यांतील १ व ३ च होत.

पंचांगांतील चंद्र

हा सर्व विचार पाश्चात्यांकडूनच आपणांकडे आला अशी आमच्या कांहीं वाचकांची समजूत असेल. ती दुरुस्त करणें जरूर आहे. आणि तसें करतांना अतिशयोक्तीहि टाळणें तितकेंच जरूर आहे. आपल्याकडे हा प्रश्न निघाला तो दगडावरून नव्हे, चंद्रावरून निघाला. आणि त्याला कारण झाली ती प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेली तिथि.

सूर्य आणि चंद्र यांच्यांत १२ अंशांचें अंतर वाढलें म्हणजे एक तिथि पुरी होते. चंद्र तारामंडळांतून दिवसास सरासरीनें १३ अंश १० कला ३५ विकला चालतो. तो सदैव याच गतीनें चालला असता तर ज्योतिष्याचें काम पुष्कळ सोपें झालें असतें. पण चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हां त्याची गति दिवसास सव्वापंधरा अंशांपर्यंत जाते, आणि दूर जातो तेव्हां पावणेबारा अंशांपर्यंत उतरते. म्हणूनच तिथि कधीं सुमारें २० तासांत सरते, तर कधीं तिला जवळजवळ २७ तास लागतात. आणि म्हणूनच तिथीचा क्षय व वृद्धि हे प्रकार होतात.

याचा परिणाम काय होतो तें एका उदाहरणानें पाहूं. सूर्योदयाच्या वेळीं एखादी तिथि संपावयास १ अंश अंतर उरलें आहे. सरासरी गतीनें हिशेब केला तर ती सुमारें दोन तासांनीं संपेल. परंतु चंद्र तेव्हां शीघ्र असेल तर १ तास ४१ मिनिटांच्या सुमारास संपेल, आणि मंद असेल तर सव्वादोन तास घेईल. आणि उरलेलें अंतर याहून लहान वा मोठें असेल त्या मानानें हा फरक कमी-अधिक होईल. एकादशी आज कीं उद्यां, याचा निर्णय कधीं कधीं सूर्योदयाच्या मागच्या-पुढच्या थोड्या मिनिटांवर येऊन ठेपतो. अशा वेळीं महिन्याची सरासरी घेऊन भागत नाहीं. मग ज्योतिषी त्या दिवसाची गति घेतो : आजच्या सूर्योदयाचा चंद्र आणि उद्यांच्या सूर्योदयाचा चंद्र यांच्यांतील अंतर. हें बरेंच बरें झालें. परंतु हीहि सरासरीच आहे, मात्र महिन्याच्या ऐवजीं एका दिवसाची. चंद्राची गति झपाट्यानें बदलत असते त्या दिवसांत, सूर्योदयाच्या क्षणाची गति आणि त्या सबंध दिवसाची सरासरी यांत कित्येक कलांचा फरक पडतो.

हें नेमकें ओळखलें भास्कराचार्यांनीं. शके १०३६ (इ. स. १११४) मध्यें जन्मलेल्या, आणि आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असल्याचें स्वतःच सांगणाऱ्या या थोर गणित्यानें वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला. त्याच्या ग्रहगणिताच्या भागांत त्यांनीं दोन गति स्पष्टपणें वेगळ्या केल्या आहेत. लागोपाठच्या दोन दिवसांच्या ग्रहस्थानांतील अंतर ही त्यांच्या मतें स्थूल गति. आणि त्या त्या वेळेची जी गति ती सूक्ष्म, तिला ते 'तात्कालिकी' म्हणतात. ती काढण्याची रीतिहि त्यांनीं दिली आहे. नंतर ते जो नियम सांगतात तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. तिथीची समाप्ति जवळ असेल तर चंद्राला तात्कालिक गतीनेंच चालवावा. समाप्ति दूर असेल तर स्थूल गतीनें चालवावा. कारण चंद्राची गति मोठी असून ती क्षणोक्षणीं सारखी राहत नाहीं. दोन गतींपैकीं एक खरी आणि दुसरी खोटी, असें आचार्य म्हणत नाहींत. प्रत्येकीचें क्षेत्र ते आंखून देतात. दूरच्या मुक्कामाचा हिशेब सरासरीनें. जवळ आलेल्या घटनेचा हिशेब क्षणाच्या गतीनें. प्रस्तुत विषयाचें सगळें सार या एका नियमांत आलें आहे.

भास्कराचार्यांच्या पूर्वीं दहाव्या शतकांत मुंजाल यानेंहि ग्रहगतीची अशीच सूक्ष्म रीति दिली होती, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. भास्कराचार्यांची ही रीति आधुनिक चलनकलनाशीं जुळते, याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें मूळच्या महाराष्ट्रीय, परंतु काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापन करणाऱ्या बापूदेव शास्त्री यांनीं. या विषयावरील त्यांचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८५८ सालीं प्रसिद्ध झाला. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याची साक्ष देणारा १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. तथापि आचार्यांनीं ही रीति ग्रहांच्या गतीपुरतीच वापरली, हेंहि विसरूं नये. कोणत्याहि बदलत्या राशीस लागू पडेल असें सर्वसामान्य शास्त्र सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्झ यांच्या हातून तयार झालें. पूर्वजांना जें देणें आहे तें पुरेपूर द्यावें, आणि जें दुसऱ्यांचें आहे तें त्यांना द्यावें, यांतच पूर्वजांचाहि मान राहतो.

रस्त्यावरचा हिशेब

आतां आकाशांतून खालीं येऊं. तिथीचा निर्णय चुकला तर उपास एक दिवस मागें-पुढें होईल; पण पुढील गोष्टींत चूक झाली तर ती सुधारण्यास संधि मिळत नाहीं.

आजकाल घरोघरीं दुचाकी व मोटारी आहेत, आणि घरांतील अठरा-वीस वर्षांचीं मुलें-मुली त्या चालवितात. वेगाची मर्यादा ५० असतां ६० नें गेलें तर काय मोठेंसें बिघडलें, असें त्यांना मनापासून वाटत असतें. दहांचाच तर फरक! हा फरक खरोखर किती आहे तें पाहूं.

दोन मोटारी शेजारीं शेजारीं चालल्या आहेत. एक ताशी ५० च्या वेगानें, दुसरी ६० च्या. एकाएकीं समोर मूल येतें. दोन्ही चालकांस तें एकाच क्षणीं दिसतें. आणि पाय दाबला जाऊन ब्रेक लागेपर्यंत दोघांनाहि एक सेकंद लागतो असें समजूं. त्या सेकंदांत पहिली मोटार सुमारें १३.९ मीटर जाते आणि दुसरी १६.७ मीटर. पुढें कोरड्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांचा वेग दर सेकंदास ७ मीटरांनीं, म्हणजे ताशी सुमारें २५ किलोमीटरांनीं, कमी होत जातो असें धरूं. पहिली मोटार आणखी सुमारें १३.८ मीटर जाऊन थांबते, एकंदर २७.७ मीटर. मूल २८ मीटरांवर असेल तर तें वांचलें. आतां दुसरी मोटार त्याच २७.७ मीटरांच्या रेषेवर आली तेव्हां तिचा वेग किती असावा असें वाचकांस वाटतें? आरंभीं फरक दहांचा होता. तेव्हां पुष्कळ मंडळी म्हणतील, दहाच्या आसपास. हिशेब करून पाहावा. उत्तर ताशी ४० किलोमीटर येतें.

हें उत्तर प्रथम खोटें वाटतें. पण आपण मघाशीं पाहिलेला अर्ध्या काळाचा व अर्ध्या वाटेचा भेदच येथें उलटा होऊन आलेला आहे. थांबणारी मोटार ही उलट दिशेनें पाहिलेल्या पडत्या दगडासारखी आहे. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचा अर्धा काळ जातो तेव्हां तिनें तीन-चतुर्थांश वाट काटलेली असते. अर्धी वाट सरली तरी तिचा वेग अर्ध्यावर आलेला नसतो. ६० चा तो अद्याप ४२ असतो. वेगाचा बराचसा भाग शेवटच्या थोड्या मीटरांत नाहींसा होतो. आणि ते थोडे मीटरच जर मिळाले नाहींत, तर तो सगळा वेग समोरच्या माणसाच्या अंगावर जातो. शिवाय आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते.

तीच गोष्ट गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या कुंड्यांची. तिसऱ्या मजल्यावरची, १० मीटर उंचीवरची कुंडी धक्का लागून खालीं आली, तर तिला जमिनीपर्यंत येण्यास दीड सेकंदाहूनहि थोडा कमी वेळ लागतो. तिचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर, सायकलीच्या वेगाहून फार अधिक नव्हे. पण खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर सरासरी पडत नाहीं. पडतो तो शेवटच्या क्षणाचा वेग, आणि तो ताशी ५० असतो. कठड्यावरच्या कुंड्या आंत घेण्यास एवढें कारण पुरे व्हावें.

कांहीं महामार्गांवर अलीकडे वेग तपासण्याच्या दोन रीति आढळतात, त्यांवरूनहि हा भेद चांगला समजतो. एका रीतींत यंत्र रोखून त्या क्षणाचाच वेग मोजतात. दुसरींत दोन ठिकाणीं कॅमेरे बसवितात, गाडी दोहोंपुढून गेल्याची वेळ टिपतात, आणि मधल्या अंतरास मधल्या काळानें भागतात. कित्येक चालक पहिल्या यंत्राजवळ येतांना वेग कमी करतात आणि पुढें गेल्यावर पुनः वाढवितात. दुसऱ्या रीतीपुढें ही युक्ति चालत नाहीं. मर्यादा १०० ची असून एखाद्याची सरासरी ११० आली, तर तो कोणत्या तरी क्षणीं ११० च्या वेगानें गेलाच असला पाहिजे. कारण सर्व वाटभर कोणी सरासरीच्या खालीं राहूं शकत नाहीं. सरासरीवरून दोष असा निश्चित सिद्ध होतो. उलट मात्र होत नाहीं. सरासरी ९० आली म्हणून चालक सर्व वाटभर मर्यादेंत होता असें कोणास म्हणतां येणार नाहीं. अर्ध्या वाटेवर चहास थांबून त्यानें उरलेल्या काळांत काय केलें असेल तें सांगवत नाहीं.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे कीं, मुलास हा विषय शिकवितांना सूत्र पाठ करवून घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारण्याची संवय लावावी : येथें सबंध वाटेविषयीं विचारलें आहे, कीं एका क्षणाविषयीं? गाडी केव्हां पोहोंचेल, महिन्यांत चंद्र किती फिरेल, हे वाटेचे प्रश्न आहेत. त्यांस भागाकार पुरतो. तिथि कोणत्या घटकेस संपली, दगड किती जोरानें लागला, गाडी मुलापर्यंत आली तेव्हां तिच्यांत किती वेग उरला होता, हे क्षणाचे प्रश्न आहेत. त्यांस तात्कालिक वेगच पाहिजे. आणि ज्या मुलाच्या हातीं या वर्षीं गाडीची किल्ली जावयाची असेल, त्याच्याकडून २७.७ मीटरांचा तो हिशेब किल्ली देण्यापूर्वीं एकदां कागदावर करवून घ्यावा. उपदेशाच्या दहा गोष्टी तो कदाचित् विसरेल. स्वतः काढलेला ४० चा आंकडा विसरणार नाहीं.